शकूआत्याचं लेखी मौन

"मी बोलणार नाही, पण माझं म्हणणं सगळ्यांना कळलं पाहिजे," असं म्हणून शकूआत्यानं आपला नवा कोरा मोबाइल माझ्या उघड्या पुस्तकावर ठेवला. "कसं करायचं ते तू बघ. कॉम्प्युटरला आहेस ना?"

मी तेव्हा साताऱ्यातच इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. शाखा कॉम्प्युटरची. त्यामुळे मिक्सर, गीझर, खालच्या मजल्यावरच्या दातारकाकूंचं ब्लडप्रेशर मोजायचं यंत्र, थोडक्यात ज्याला ज्याला वायर आहे ते सगळं माझ्या अखत्यारीत येत असे.

"कुठे बोलणार नाहीस?" मी विचारलं.

"जेवताना. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत. मौनभोजनाचं व्रत धरतेय मी."

ही बातमी ऐकून मला जो आनंद झाला तो मी चेहऱ्यावर येऊ दिला नाही. आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. लग्नानंतर लवकरच कपाळ पांढरं होऊन माहेरी आली, धाकट्या भावाला तिनं शिकवलं, नोकरीला लावलं, त्याचं लग्न करून दिलं, आणि या उपकारांची परतफेड म्हणून अण्णांनी आयुष्यभर तिच्यासमोर तोंड उघडलं नाही. घरात काय आणायचं, कुणाकडे जायचं, कुणाशी बोलणं बंद करायचं, हे सगळं दुपारच्या जेवणात ठरत असे. आई सकाळची शाळा शिकवून येई, अण्णा बँकेतून आणि मी कॉलेजातून जेवायला येत असू, आणि पहिला घास पोटात गेला की आत्याचं कामकाज सुरू होई. विषय आम्ही मांडायचा, निकाल ती द्यायची. अर्थात विषय मांडून पुरा होण्याआधीच निकाल येत असे. तिला कान होते, पण ते तिनं फारसे वापरलेले नव्हते.

जेवणाचा निकालही तीच देई. आईच्या हातची भाजी आत्यानं कधी चांगली म्हटल्याचं मला आठवत नाही. ती संपवल्याचं मात्र रोज आठवतं.

"मग मुकाट्यानं जेव की," मी म्हटलं. "व्रत तेच आहे ना?"

"व्रत मी पाळणारच. त्या वैद्यांच्या कमलसारखं नाही हो माझं. गेल्या वर्षी तिनं धरलं होतं. मीठ हवं असलं की एकदा खोकायची, ताक हवं असलं की दोनदा. मौन कसलं, खोकल्याचं दुकान. माझ्याकडे हूं नाही, चूं नाही. हातवारे नाहीत. भुवईसुद्धा उडवायची नाही. बोललं तर ताट सोडून उठायचं आणि व्रत तिथंच मोडलं." आत्यानं मोबाइल माझ्याकडे सरकवला. "पण घर चाललं पाहिजे. तेव्हा यावर माझं म्हणणं लिहून ठेव. जेवताना ते समोर दिसत राहिलं पाहिजे."

मी मोबाइल हातात घेतला. त्यात ती सोय होती. पडदा बंद असला तरी काळ्या पाटीवर घड्याळ आणि एखादी ओळ पांढऱ्या अक्षरांत दिसत राहते. मी सेटिंगमध्ये जाऊन ती चालू केली, नमुना म्हणून 'शकुंतला' असं लिहिलं आणि मोबाइल तिच्यापुढे धरला. आत्या डोळे बारीक करून बघत असतानाच शकुंतला गुप्त झाली.

"गेलं हे."

"हात लावलास की परत येईल. थोडा वेळ दिसतं, मग जातं."

"हात कसा लावू? उष्टा असणार."

"डावा लाव."

"जेवताना मोबाइलला हात लावायचाच नाही. लावला की ते बोलल्यातच जमा," आत्या म्हणाली. हा नियम कुठल्या पोथीत आहे ते मी विचारलं नाही. पोथी लिहिली गेली तेव्हा मोबाइल नव्हते हे सांगून उपयोग नव्हता. आत्याच्या नियमांना पोथी लागत नसे.

मी पुन्हा सेटिंग उघडलं. 'स्पर्श केल्यावर दाखवा', 'ठरावीक वेळेत दाखवा' आणि 'नेहमी दाखवा' असे तीन पर्याय होते. मी 'नेहमी'वर टिचकी मारली. खाली बारीक अक्षरांत सूचना आली.

"यानं बॅटरी जास्त खाल्ली जाते म्हणतंय."

"मी जेवतेय तर त्यालाही खाऊ दे."

ओळ लिहायची जागा जिथं होती तिथं वर 'मालकाची माहिती' असं लिहिलेलं होतं. मोबाइल हरवला तर तो सापडलेल्या सज्जनाला मालकाचा पत्ता कळावा, या भाबड्या हेतूनं कुणीतरी ती सोय केली असावी. आमच्याकडे येऊन तिचं काय होणार आहे याची त्या बिचाऱ्याला कल्पना नव्हती.

आषाढी झाली आणि पहिल्या मौनभोजनाचा दिवस उजाडला. जेवणाआधी आत्यानं मला खोलीत बोलावलं.

"लिही. 'आमटीत मीठ कमी आहे.'"

"आत्या, आमटी अजून गॅसवर आहे."

"मग?"

"तू चाखली कुठे?"

"चाखल्यावर मला लिहिता येणार आहे का? जेवायला बसले की हात लावायचा नाही, हे ठरलंय ना आपलं?" आत्यानं माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "आणि सुलभाच्या हातची आमटी मी काही आज पहिल्यांदा खात नाहीये."

मी लिहिलं. मालकाची माहिती: आमटीत मीठ कमी आहे. आत्यानं चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं, मोबाइल टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला आणि डोळे मिटून जेवायला बसली. अण्णा आले, त्यांनी ओळ वाचली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं आमटीत चिमूटभर मीठ टाकून भुरका मारला. त्यांचा चेहरा वाकडा झाला. मग त्यांनी तीच आमटी निमूटपणे संपवली. आमटीत मीठ बरोबर होतं, पण लेखी पुराव्यापुढे जिभेची काय किंमत.

पुढे रोज एक ओळ येऊ लागली. 'दोडका शिजला नाही.' 'दळण उद्या आणा.' 'दातारांकडच्या सत्यनारायणाला फक्त अण्णाने जावे.' ओळ एकदा लागली की जेवण संपेपर्यंत हलायची नाही. मध्येच कुणी काही विचारलं तर आत्या समोर बघत शांतपणे जेवत राही, आणि मोबाइल आपलं एकच उत्तर देत राही. एकदा अण्णांनी पापडाचा डबा नकळत त्याच्यापुढे सरकवला. त्या दिवशी संध्याकाळी आत्यानं अण्णांना नकळत म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्यानंतर आमच्या टेबलावर पापडाचा डबा आला नाही.

व्रत मात्र ती खरोखर पाळत होती, हे मला कबूल केलं पाहिजे. घशात घास अडकला तरी ती खाकरली नाही. कमल वैद्य मुद्दाम एकदा जेवणाच्या वेळी येऊन बसली, खोदून खोदून बोलली, पण आत्याची भुवई हलली नाही. उद्यापनाला देवळात द्यायची पितळी घंटासुद्धा तिनं सांगून ठेवली होती, आणि ही गोष्ट देवळात सगळ्यांना सांगूनही ठेवली होती.

श्रावण सरता सरता एका शुक्रवारी आई शाळेतून उशिरा आली. चप्पल काढून थेट माझ्या खोलीत आली आणि तिनं दार लोटून घेतलं. आमच्या घरात दार लोटणं म्हणजे मोठीच गोष्ट होती.

"मला हेडमास्तरीण करताहेत," ती म्हणाली.

मी ओरडणार होते, तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला.

"इथे नाही. म्हसवडला. आपल्या संस्थेचीच शाळा आहे. सोमवार ते शनिवार तिथे राहायचं, शनिवारी दुपारी निघून घरी यायचं. सोमवारी सकाळपर्यंत कळवायचंय. मी नाही म्हटलं तर माझ्या मागच्या माणसाला मिळेल. मग मी रिटायर होईपर्यंत काही नाही."

"हो म्हण की मग!"

"वन्संना विचारायला हवं."

वन्सं म्हणजे आत्या. आई नणंदेला याच नावानं हाक मारी. बोलताना तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं होतं आणि ते ती सोडतच नव्हती. माझी आई वर्गात शिरली की चाळीस पोरं गप्प होतात हे मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं, कारण त्या चाळिसांत एक वर्ष मीही होते. ती बाई घरी येऊन पदर पिळत बसलेली बघून मला तिची दया आली आणि रागही आला.

"अण्णा काय म्हणतात?"

"रविवारी जेवताना विषय काढतो म्हणालेत."

"जेवताना? आत्या जेवताना बोलत नाही!"

"म्हणून तर काढतो म्हणालेत," आई म्हणाली, आणि इतक्या काळजीतही तिला हसू आलं.

रविवारी आत्यानं मला नेहमीपेक्षा लवकर बोलावलं. ती पलंगावर ताठ बसली होती.

"लिही. 'नाही. ते जमायचं नाही.'"

मी विचारलं, "कशाबद्दल?"

"ज्याबद्दल विचारतील त्याबद्दल."

"कुणी काही विचारलंच नाही तर?"

"विचारणार. दातारणीची भाची त्याच संस्थेत आहे. घरातली गोष्ट मला खालच्या मजल्यावरून कळते." तिचा आवाज एकदम चढला. "म्हसवड! माणदेशात जाऊन एकटी राहणार म्हणे. इथं घरात कुणी बघायचं? तू दिवसभर कॉलेजात, तो बँकेत. मी काय भिंतींना वाढू?"

"आत्या, आधी ऐकून तरी घे ना तिचं."

"ऐकते की. मौन तोंडाचं आहे, कानांचं नाही. लिही."

मला वेगळं काहीतरी लिहावंसं वाटलं. पण चष्मा तिच्या नाकावर आधीच होता. मी लिहिलं. तिनं वाचलं, पूर्णविरामसुद्धा तपासले, आणि मोबाइल घेऊन जेवायच्या टेबलाकडे निघाली.

त्या दिवशी अळूची भाजी होती, काकडीची कोशिंबीर होती, वरणभात होता. आत्यानं मोबाइल तांब्याला टेकवला, आचमन केलं आणि पहिला घास घेतला. अण्णा बसले. बसताना त्यांनी एक मोठा श्वास घेतला, विषय काढायच्या तयारीचा.

"ताई, ते सुलभाचं जरा…" एवढं बोलून त्यांची नजर मोबाइलवर गेली. त्यांनी ओळ वाचली, मग परत एकदा वाचली, आणि घेतलेला श्वास हळूच सोडून दिला. "कोशिंबीर छान झालीय," ते म्हणाले आणि वाटीत डोकं घातलं.

मी अण्णांना टेबलाखालून लाथ मारली. त्यांनी पाय मागे घेतला. या बाबतीत ते चपळ होते.

आई भाताचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून आली. आधी अण्णांना वाढलं, मग आत्याच्या ताटाशी आली, आणि भाताचा डाव हातात धरून तशीच थांबली. काळ्या पडद्यावर पांढरी स्वच्छ ओळ दिसत होती. नाही. ते जमायचं नाही.

इतक्या दिवसांत मी आईच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं नव्हतं असं मला तेव्हा वाटलं. डोळ्यांत पाणी येईल असं वाटत होतं, ते आलं नाही. तिनं आत्याला भात वाढला. वर वरण घातलं. तुपाची धार धरली. मग पातेलं टेबलावर ठेवलं, पदराला हात पुसले आणि वर्गात बोलते त्या आवाजात म्हणाली,

"वन्सं, एक विचारायचं होतं. संस्थेनं मला म्हसवडला हेडमास्तरीण केलंय. तर मी त्यांना नकार कळवू का?"

आई मोबाइलकडे वळली आणि तिनं ओळ मोठ्यानं वाचली.

"'नाही. ते जमायचं नाही.'" तिनं मान हलवली. "बरं. मग नकार नाही कळवत."

अण्णांच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. "अगं, म्हणजे ताईचं म्हणणं तसं…"

"अहो, समोर लिहिलंय. वाचता येतं आपल्या सगळ्यांना."

मी आत्याकडे बघितलं. तिच्या भुवया वर गेल्या होत्या. त्या वर गेल्यात हे तिच्या लक्षात आलं आणि तिनं त्या जागेवर आणून ठेवल्या. चेहरा लाल झाला होता. उजवा हात भातात रुतला होता, आणि डावा मांडीवर मूठ वळून पडला होता. मोबाइल हातभर अंतरावर होता. नुसता पालथा घातला असता तरी काम झालं असतं. पण हात लावायचा नाही हा नियम तिनं स्वतः केला होता, आणि कमल वैद्यसकट सगळ्या देवळाला सांगितला होता. ताट सोडून उठायची वाट मोकळी होती. तशी ती एकदा किंचित उठलीही. मग पुन्हा बसली आणि भात कालवू लागली.

तिचं जेवण त्या दिवशी संपता संपेना. एरवी आमच्या आधी हात धुणारी बाई ताटातलं शीत न् शीत वेचून खात होती. अळूची भाजी संपली, कोशिंबीर संपली, ताक संपलं. त्या सगळ्या वेळात ती ओळ लख्ख दिसत राहिली आणि आई खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. अण्णा ताट घेऊन स्वयंपाकघरात गेले ते तिथेच राहिले.

शेवटी आत्या उठली. मोरीत जाऊन चूळ भरली, हात धुतले, पुसले. आता व्रताची अडचण नव्हती. मला वाटलं, आता भांडी आपटणार, दातारकाकू वर धावत येणार. आत्या येऊन आईसमोर उभी राहिली.

"मी ते कशासाठी लिहिलं होतं ते तुला कळलं होतं, सुलभा."

"कळलं होतं."

"तरी वाकडा प्रश्न विचारलास."

"उत्तर तुम्ही आधीच ठेवता वन्सं. या घरात आले तेव्हापासून बघतेय. मग मी म्हटलं, प्रश्न तेवढा आपला ठेवावा."

"आणि मी ताट सोडून उठले असते तर? तोंडानं नाही म्हटलं असतं तर नसतीस गेली?"

आई म्हणाली, "गेले असते. काल संस्थेत हो सांगून आले मी."

हे मलाही माहीत नव्हतं. स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज आला. अण्णांनाही माहीत नसावं.

"हो सांगून आलीस?" आत्याचा आवाज चिरकला. "मग मला विचारायचं नाटक कशाला केलंस?"

"नाटक नाही वन्सं." आईनं खुर्ची सोडली. तिचा वर्गातला आवाज आता गेला होता. "मला दर शनिवारी परत यायचंय. तुम्ही नाही म्हटल्यावर गेले असते, तर परत आल्यावर या दारावरची बेल दाबायला माझा हात उचलला नसता. हे घर आहे माझं. पाहुण्यासारखं दारात उभं राहायचं नव्हतं मला."

आत्या काही बोलली नाही. जेवण झालेलं होतं, मौन सुटलेलं होतं, आणि तरी ती बोलली नाही. मी तिला अशी कधी बघितली नव्हती. ती आईकडे बघत होती, मग दाराकडे बघत राहिली. आईजवळ घराची चावी नाही, कधीच नव्हती, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. रोज शाळेतून येऊन ती बेल दाबायची आणि आत्या दार उघडायची. कुणी चावी दिली नव्हती आणि तिनं मागितली नव्हती. माझ्याकडे होती. अण्णांकडे होती.

"केतकी," आत्या म्हणाली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "उद्या कॉलेजातून येताना लॅचची चावी करून आण. सुलभासाठी. शनिवारी आपण कीर्तनाला गेलेलो असलो म्हणजे ही जिन्यात बसायची आणि ती दातारीण गावभर करायची."

"आणते," मी म्हटलं.

आत्या आपल्या खोलीपर्यंत गेली आणि दारात थांबली.

"आणि दोन कर. एक ही हरवणारच."